उंटावरून जीप हाकणारे

मंडळी, या शनिवारी भांडायचा मूड आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांच्या दारात चार-सहा इंच उचललेली जीप उभी आहे त्यांनी चहा घेऊन बसा. आणि ज्यांच्या नुसती डोक्यात उभी आहे त्यांनी तर नक्कीच बसा, कारण तुमचे पैसे अजून खिशात आहेत.

मुद्दा एका वाक्यात असा: लिफ्ट केली, मोठे टायर चढवले, पण अ‍ॅक्सलमधले गिअर कंपनीचेच ठेवले, तर ती गाडी मॉडिफाय केलेली नाही. ती बिघडवलेली आहे. हौसेनं, हप्त्यांवर, आणि वर तिचे फोटो काढून.

इथे अमेरिकेत आपल्या देशी मंडळींचा एक ठरलेला प्रवास असतो. आधी सेकंडहँड कॅमरी. मग घर. मग आई-बाबा येणार म्हणून मिनीव्हॅन. आणि मग एक दिवस ग्रीन कार्ड हातात पडतं आणि आतला रानटी माणूस जागा होतो. दारात रँग्लर येते. (इथे 'ट्रक' म्हटलं की त्यात ही पण आली, आपला मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला टाटाचा ट्रक डोळ्यांसमोर आणू नका.) गाडी आली की महिन्याभरात लिफ्ट किट. मग ३७ इंची टायर. मग टपावर एलईडीची पट्टी, जिच्या उजेडात वानखेडेवर मॅच खेळवता येईल. मग विंच, जिची दोरी अजून एकदाही उलगडलेली नाही. आणि गिअर? "ते पुढच्या बोनसला बघू." तो बोनस कधीच येत नाही. आला तरी त्याचे स्टिकर घेतले जातात.

का असं होतं? सोपं आहे. लिफ्ट दिसते, टायर दिसतात, दिवे तर अर्ध्या गावाला दिसतात. क्राउन आणि पिनियन मात्र अ‍ॅक्सलच्या पोटात तेलात बुडालेले असतात. त्यांचा फोटो काढता येत नाही. सॉफ्टवेअरमधेही हेच चालतं म्हणा. स्क्रीनचा रंग बदलला की मॅनेजर टाळ्या वाजवतो, डेटाबेसला इंडेक्स लावला तर कुणी विचारत पण नाही.

तर आता पोटात काय आहे ते बघू. इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्समधून येतं, पुढे ट्रान्सफर केसमधून जातं, आणि शेवटी अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलमध्ये पोचतं. तिथे एक छोटा पिनियन एका मोठ्या क्राउनला फिरवतो. पिनियनला १० दात आणि क्राउनला ४१ असतील तर शाफ्टचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हाच तो ४.१०. ४१ ला ११ असतील तर ३.७३, ४१ ला ९ असतील तर ४.५६, ३९ ला ८ असतील तर ४.८८. आकडा जितका मोठा तितकी चाकावर ताकद जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जास्त. बस. यात रॉकेट सायन्स नाही, सायकलचं मागचं चाक आठवा.

पण गंमत पुढे आहे. टायर हा सुद्धा गिअरच आहे! साखळीतला सगळ्यात शेवटचा. चाकावर आलेला टॉर्क जमिनीला ढकलतो तो त्रिज्येनं भागून. त्रिज्या वाढली की ढकलणं कमी. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही मोठा टायर लावता, त्या दिवशी तुम्ही तुमचा अ‍ॅक्सल रेशो बदललेलाच असतो. फक्त उलट्या दिशेनं, आणि नकळत.

उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये आलेल्या जेएल पिढीतली साधी ऑटोमॅटिक रँग्लर स्पोर्ट. टायर २४५/७५ आर १७, म्हणजे साधारण ३१.५ इंच उंच. अ‍ॅक्सल ३.४५. आता तिला ३७ लावा. ३.४५ ला ३१.५ नं गुणा आणि ३७ नं भागा. उत्तर २.९४. म्हणजे हायवेवर ऐटीत चालणाऱ्या एखाद्या सेडानला शोभेल असा रेशो तुम्ही डोंगर चढायच्या गाडीला बसवलात. जमिनीवरची ताकद १५ टक्क्यांनी घटली, आणि टायरचं वाढलेलं वजन फिरवायचं आहे ते वेगळंच. गाडीवर स्टिकर मात्र 'ट्रेल रेडी'.

हे हायवेवर कसं दिसतं तेही बघू. सूत्र असं: ताशी मैल गुणिले अ‍ॅक्सल रेशो गुणिले चालू गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचातली उंची, बरोबर आरपीएम. (३३६ कुठून आला? एका मैलात ६३,३६० इंच, त्याला ६० मिनिटांनी भागा, मग पायनं भागा. कोडमधे आयता आकडा लिहिला की खाली त्याचा उगम लिहावा, ही आपली जुनी खोड.) या गाडीच्या आठव्या गिअरचा रेशो ०.६७. ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटरला, कंपनीच्या टायरवर इंजिन १,६०० च्या आसपास फिरतं. ३७ वर ते १,३६५ वर येतं. आणि या ३.६ लिटर व्ही-६ ला तिचा पूर्ण टॉर्क मिळतो कधी, तर ४,८०० ला! त्यामुळे जरासा चढ आला, समोरून वारा आला, की गाडी आठवरून सातवर, सातवरून सहावर, परत सातवर, अशी जिने चढ-उतर करत बसते. आणि मालक सांगतो, "काय माहीत, हल्ली गिअरबॉक्स जरा कन्फ्युज होतो." गिअरबॉक्स अजिबात कन्फ्युज झालेला नाही हो. तो बिचारा तुमच्या अ‍ॅक्सलचं काम करतोय.

बरं, दगडांवर काय? तिथे क्रॉल रेशो बघतात. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो रेशो आणि अ‍ॅक्सल रेशो यांचा गुणाकार. साध्या स्पोर्टचा ४.७१ गुणिले २.७२ गुणिले ३.४५, म्हणजे ४४ च्या आसपास. ३७ लावल्यावर तो ३८ सारखा वागतो. आता त्याच पिढीतली रुबिकॉन बघा: ४.७१ गुणिले ४ गुणिले ४.१०, म्हणजे ७७! दगडावर हळू जाता येणं म्हणजेच ताबा. हळू जाता आलं नाही की माणूस वेग घेतो, वेग घेतला की गाडी उसळते, आणि उसळलेली गाडी कुठे उतरेल हे ती ठरवते, तुम्ही नाही. मोडलेल्या अ‍ॅक्सल शाफ्टांच्या कथा ऐका. त्यात "जरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला" हे वाक्य कुठे ना कुठे असतंच.

आता लिफ्टकडे येऊ, कारण भांडणाचं खरं मूळ तिथे आहे. रँग्लरला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल असतो, म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच आडवा दांडा, आणि त्यात डिफरन्शियलचा तो भोपळा. गाडीखाली सगळ्यात आधी दगड लागतो तो या भोपळ्याला. चार इंच लिफ्ट केली तर भोपळा किती वर जातो?

शून्य. एक मिलिमीटर सुद्धा नाही.

लिफ्टनं वर जाते ती बॉडी आणि चासी. अ‍ॅक्सल चाकांच्या मधोमध जिथे होता तिथेच. भोपळा वर नेतो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या उंचीच्या निम्माच. ३३ चे ३७ केले तर जेमतेम दोन इंच. लिफ्टचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. मोठा टायर फेंडरला घासू नये म्हणून जागा मिळते, गाडीचं पोट उंचवट्यावर टेकायचं टळतं, नाक चढाला आपटायचं टळतं. पण लिफ्ट हे टायरचं मदतनीस आहे, मालक नव्हे. जितकी जागा लागते तितकीच लिफ्ट. त्याच्या वर चढवलेला प्रत्येक इंच हा निव्वळ रुबाब.

आणि तो रुबाब फुकट नसतो. लिफ्ट वाढली की पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर बिघडतो आणि स्टिअरिंग सैल, भरकटल्यासारखं लागतं. ड्राइव्हशाफ्टचे कोन वाढतात, जॉइंट लवकर जातात. ट्रॅक बार तिरका होतो, अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. हे सगळं दुरुस्त करायला अ‍ॅडजस्टेबल कंट्रोल आर्म, नवा ट्रॅक बार, नवा शाफ्ट लागतो. स्वस्त किटमध्ये यातलं बहुतेक काही नसतं. स्प्रिंगवर ठेवायच्या चकत्या असतात आणि एक टी-शर्ट.

"तू कोण मोठा शहाणा?" असं कुणी विचारेल. बरोबर आहे, माझं ऐकू नका. जे कारखान्यात बसून हेच ठरवतात त्यांनी काय केलं ते बघा. २०२१ मध्ये जीपनं रुबिकॉनसाठी एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेज आणलं. टायर ३१५/७० आर १७, म्हणजे बोलायला ३५ आणि मोजायला साधारण ३४.४ इंच. नेहमीच्या रुबिकॉनचा २८५/७० आर १७ मोजायला ३२.७. नुसती बरोबरी साधायची असती तर ४.१० चा ४.३१ पुरला असता. त्यांनी दिला ४.५६. म्हणजे भरपाई करून वर आणखी जवळजवळ सहा टक्के, कारण मोठा टायर नुसता उंच नसतो, जड असतो, रुंद असतो आणि वाऱ्यालाही जास्त अडतो. आणि लिफ्ट किती दिली? दीड इंच! फोर्डनंही २०२१ मध्ये ब्रॉन्को परत आणली तेव्हा सॅस्क्वॉच पॅकेजमध्ये ३५ इंची टायरबरोबर ४.७० चा अ‍ॅक्सल दिला. दोन कट्टर प्रतिस्पर्धी, निष्कर्ष एकच. टायर बदलला की गिअर बदलायचा, आणि लिफ्ट लागेल तेवढीच.

हाच हिशोब ३७ पर्यंत ताणा. ४.५६ ला ३७ नं गुणा, ३४.४ नं भागा. ४.९० येतं. बाजारात मिळणारा जवळचा सेट ४.८८. म्हणजे व्ही-६ ऑटोमॅटिकवर ३७ चढवायचे असतील तर ४.८८ ही चैन नाही, ती किमान गरज आहे. खूप जड सामान, स्टीलचे बंपर, डोंगराळ राज्य असेल तर ५.१३ चा विचार करा.

आता नेहमीचे आक्षेप. आपल्या लोकांकडे ते तयारच असतात.

पहिला: "आठ गिअर आहेत की, कशाला बदलायचे?" आठ गिअर असल्यामुळे त्रास कमी जाणवतो, हे मान्य. पण वरचे दोन गिअर वापरताच येणार नसतील तर तुमच्याकडे आठ नाहीत, सहा आहेत. आणि खालच्या बाजूला पहिल्याच्या खाली काहीच नाही. क्रॉल रेशो जो घटला तो घटलाच.

दुसरा: "मायलेज जाईल." मी पण इंजिनीअर, तुम्ही पण, आकडे मांडू. ३७ इंची टायर, ४.८८, आठवा गिअर, ताशी ६५ मैल: १,९३० आरपीएम. कंपनीची कोरी रुबिकॉन त्याच वेगाला १,८३५ वर चालते. फरक शंभरच्या आत. तुमचं मायलेज गेलं ते ३७ इंची टायरच्या वजनात, टपावरच्या दिव्यांत आणि चार इंच वर उचलून वाऱ्याला दाखवलेल्या पोटात. गिअरच्या नावानं कशाला बिलं फाडता?

तिसरा: "ट्यून मारू, पॉवर वाढवू." टर्बो नसलेल्या इंजिनाला खालच्या आरपीएमवर ट्यूननं किती टॉर्क मिळणार? आणि कितीही मिळाला तरी क्रॉल रेशो तिथेच राहतो. दगडावरचा वेग गिअर ठरवतात, लॅपटॉप नाही. (हे वाक्य लिहिताना माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला जरा वाईट वाटलं. :-))

चौथा: "मित्रानं ५.१३ टाकलेत, मी पण तेच टाकतो." ही उलटी चूक, आणि ती पण तितकीच महाग. २०२० ते २०२३ या काळात रुबिकॉन ३ लिटरच्या डिझेल इंजिनातही मिळत होती. तोच ३३ चा टायर, तेच डाना ४४ अ‍ॅक्सल, पण रेशो ३.७३. का? कारण पेट्रोलचा टॉर्क २६० पाउंड-फूट आणि तोही ४,८०० ला, डिझेलचा ४४२ आणि तो १,४०० पासूनच. एकच गाडी, एकच टायर, दोन इंजिनं, दोन रेशो. म्हणून रेशो मित्राला विचारायचा नसतो, स्वतःच्या इंजिनाला विचारायचा असतो. शिवाय आकडा वाढला की पिनियन लहान होतो, दात कमी होतात, आणि लहान पिनियन कमकुवत. स्पोर्टचे अ‍ॅक्सल मुळात रुबिकॉनच्या डाना ४४ पेक्षा हलके. त्यांत ५.१३ कोंबून ३७ फिरवणार असाल तर टो ट्रकचा नंबर फोनमध्ये वरच ठेवा.

पाचवा आणि सगळ्यात आवडता: "पण मी कुठे दगडावर जातो? ऑफिस आणि कॉस्टको." अहो मग ३७ कशाला? याला माझ्याकडे उत्तर नाही. मला वाटतं तुमच्याकडेही नाही.

मग करायचं काय? क्रम उलटा करा, इतकंच. आधी ठरवा खरंच कुठे जायचंय. वर्षातून दोनदा जंगलातला कच्चा रस्ता असेल तर कंपनीचा टायर पुरतो. काही लागलंच तर त्याच मापाचा, जरा दणकट नक्षीचा घ्या. आणि सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन आधी करा: कच्च्यावर उतरलं की टायरमधली हवा १८ पीएसआयच्या आसपास आणा आणि वेग कमी ठेवा. टायर पसरतो, पकड वाढते, दगड गिळतो. परत येताना भरायला छोटा कंप्रेसर. हजारो डॉलरच्या किटपेक्षा हा फरक जास्त जाणवतो आणि हवा फुकट आहे.

त्यापुढे जायचं असेल तर टायरचं माप पक्कं करा. टायर ठरला की गिअर ठरवा, आणि दोन्हींचं बजेट एकत्र बाजूला काढा. गिअरचे पैसे नसतील तर टायरचेही नाहीत, असं समजा. डिफरन्शियल उघडणारच आहात तर लॉकरचा विचार त्याच वेळी करा, म्हणजे मजुरी दोनदा जात नाही. आणि सगळ्यात शेवटी, तो टायर मावेल इतकीच लिफ्ट.

गिअर बदलताना पुढचा आणि मागचा दोन्ही बदलायचे, हे लिहायलाच नको खरं तर, पण लिहितो. पैसे वाचवायला "आत्ता मागचा करू, पुढचा नंतर" म्हणणारे महाभाग आहेत. दोन अ‍ॅक्सलचे रेशो वेगळे असताना फोर-व्हील टाकलं तर पुढची आणि मागची चाकं दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरायला बघतात, आणि मधे ट्रान्सफर केस पिळून निघते. दोन्ही मिळून इथे मजुरीसकट साधारण दोन-तीन हजार डॉलर जातात. बऱ्यापैकी लिफ्ट आणि टपावरचे दिवे मिळून तेवढेच होतात. म्हणजे पैसे नव्हते असं नाही, प्राधान्य नव्हतं.

आणि हे काम घरच्या गराजमध्ये व्हिडिओ बघून करू नका. पिनियन किती आत बसला, बेअरिंगवर किती ताण, क्राउन आणि पिनियनमध्ये किती मोकळीक, हे सगळं पातळ चकत्या घालून-काढून जुळवायचं असतं. डाना ४४ मध्ये ही मोकळीक इंचाच्या सहा ते दहा हजारांशांत लागते. दातांना रंग लावून फिरवतात आणि ठसा कुठे उमटतो ते बघतात. ठसा चुकला की गाडी ओरडायला लागते, आणि काही दिवसांनी ओरडायची पण थांबते. चांगला कारागीर शोधा आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. नंतर पहिले काही शे मैल सबुरीनं चालवा, थांबून गिअर थंड होऊ द्या, पाचशे मैलांना तेल बदला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, माझी गाडी, माझे पैसे, तुला काय त्रास? थांबा. त्रास मला आहे. रस्त्यावर मी पण आहे.

स्पोर्टवर ३७ लावले आणि स्पीडोमीटर जुळवला नाही, तर काटा ६५ दाखवताना गाडी ७६ नं चाललेली असते. ब्रेक तेच, कॅलिपर तेच, पण टायरची त्रिज्या मोठी, म्हणून तेवढ्याच पेडलला थांबवण्याची ताकद १५ टक्के कमी. वर जड चाकं थांबवायची आहेत ती आहेतच. म्हणजे गाडी वाटते त्यापेक्षा जोरात जाते आणि वाटते त्यापेक्षा उशिरा थांबते. पुढे सिग्नलला एक साधी होंडा सिव्हिक उभी आहे, मागच्या सीटवर पोर झोपलंय. तुमचा बंपर तिच्या बंपरच्या वरून जाणार. तिच्या डिकीतून, काचेतून.

आणि उलटण्याचं गणित तर दहावीच्या भूमितीचं आहे. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्था गाड्यांना उलटण्याबद्दलचे तारे देताना हाच आकडा वापरते. चाकांमधलं अंतर ६३ इंच आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २७ इंच धरू, आकडा येतो १.१७. लिफ्ट आणि टायरनं मिळून गुरुत्वमध्य पाच इंच वर नेला की तो ०.९८ होतो. एकाच्या खाली! आणि लक्षात घ्या, २०२० मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनं रँग्लरची कोपऱ्यावर धडक देण्याची चाचणी घेतली तेव्हा गाडी कुशीवर आडवी झाली. दोनदा. ती गाडी कारखान्यातून निघाली तशी होती, लिफ्टशिवाय.

गिअर बदलल्यानं हे सुटतं का? नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर गिअर ब्रेक सुधारत नाहीत आणि गुरुत्वमध्य खाली आणत नाहीत. पण जो माणूस टायर घेण्याआधी गिअरचा हिशोब मांडतो, त्याला वहीत स्पीडोमीटर दिसतो, ब्रेक दिसतात, उंची दिसते. आणि बरेचदा हिशोबाच्या शेवटी तो ३७ चे ३५ करतो, चार इंचांचे दीड-दोन करतो. मला नेमकं हेच हवंय. ऑफिसात आपण एक कॉन्फिग बदलली तरी पूर्ण टेस्ट चालवतो, कारण कुठे काय तुटेल सांगता येत नाही. मग दोन टनांच्या वस्तूचा सगळ्यात मूलभूत आकडा बदलून थेट हायवेवर कसं काय सोडतो?

आता पुण्या-मुंबईच्या थारवाल्यांनो आणि जिम्नीवाल्यांनो, हसू नका, तुमच्याकडे वळतोय. ही फॅशन इथल्या व्हिडिओंमधून तुमच्याकडे पोचली, पण तिच्यामागची गिअरची दुकानं पोचली नाहीत. इथे लोकप्रिय अ‍ॅक्सलसाठी पाच-सहा रेशोंचे सेट फोन केला की मिळतात. तिकडे ते सोपं नाही. म्हणजे टायर मोठा करायची सोय आहे पण भरपाईची नाही. मग उत्तर काय? टायर मोठा करू नका!

२०२० च्या थारला २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे आणि समोरून ४१.८ अंशांच्या चढाला नाक टेकत नाही. तुमच्या वाटेत याहून वाईट काय येतं? पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, सॉलिड अ‍ॅक्सल नाही. तिथे लिफ्ट केली की पुढचं डिफरन्शियल वर जातं हे खरं, पण त्याच्या बाजूच्या शाफ्टांचे कोन वाढतात आणि त्यांचे जॉइंट जातात. जिम्नीला दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल, पण इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन-मीटर. १९५/८० आर १५ काढून २३५/७५ आर १५ लावला तर भोपळा वर जातो दोन सेंटिमीटर, आणि आधीच मोजून-मापून दिलेल्या ताकदीतली साडेपाच टक्के ताकद जाते. दोन सेंटिमीटरसाठी! त्यापेक्षा वाटेतला तो एक दगड उतरून हातानं बाजूला करा की राव.

शिवाय कायदा. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. प्रत्येक बदलामागे, बरं का. अपघात झाल्यावर विमा कंपनी गाडीकडे कशा नजरेनं बघेल, ते तुम्हीच ठरवा.

कुणी म्हणेल, याला हौसेचं वावडं आहे. अजिबात नाही. मला या गाड्या प्रचंड आवडतात, आणि म्हणूनच त्यांचे हे हाल बघवत नाहीत. चिखलात, दगडात, मुंगीच्या पावलानं, इंजिन जेमतेम गुणगुणतंय आणि गाडी एकेक चाक ठेवत चढतेय, यासारखं सुंदर इंजिनीअरिंग कमी आहे. पण ती जादू उंचीत नाही, ती त्या तेलात बुडालेल्या ४१ आणि १० दातांत आहे. उंटावर बसून शेळ्या हाकता येत नाहीत, आणि जीपही हाकता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी अभिमानानं सांगेल, "चार इंच लिफ्ट, ३७ टायर!" तेव्हा वॉव म्हणू नका. शांतपणे एवढंच विचारा, "रेशो काय?" उत्तर आकड्यात आलं तर त्याच्याबरोबर ट्रेलवर जा. "म्हणजे?" असं आलं तर हायवेवर त्याच्यापासून जरा लांब चालवा.

असो. चहा संपला, राग पण उतरला. भेटू पुढच्या शनिवारी.